संपवायच्या बाटल्या

मला दारू आवडत नाही असं म्हणणं म्हणजे फारच सभ्यपणा झाला. मला दारूची किळस येते. कुणी नुसतं बूच काढलं तरी माझ्या तोंडात पाणी सुटतं, आणि ते पाणी चांगलं नव्हे; ओकारी यायच्या आधी सुटतं ते. चारचौघांत मी नाकाला पदर लावते आणि लोकांना वाटतं, बाई फार सोवळ्यातली आहे. सोवळ्यातली कसली! मटणाचा रस्सा मी वाटी चाटूनपुसून खाते. माझं भांडण फक्त बाटलीशी आहे.

भांडणाचं कारण माझे वडील. आमचं गाव सांगलीकडचं, साखर कारखान्याचं. गळीत सुरू झालं की मळीचा वास गावावर असा पसरायचा की वाळत घातलेल्या कपड्यांनाही तोच वास यायचा. वडील कारखान्यात कारकून होते. संध्याकाळी ओसरीवर तो आंबट-गोड, कुजका वास आला की मला आणि आईला कळायचं नाही, कारखान्याकडून वारा सुटलाय की वडील घरी आलेत. वारा असला तर जेवायला बसायचं. वडील असले तर ताटं आत न्यायची. पुढे त्यांचं लिव्हर गेलं आणि मग तेही गेले. मी रडले, पण त्यांच्या अंगावरची चादर धुताना मला जी मळमळ झाली ती माझ्या रडण्यापेक्षा मोठी होती, हे खोटं कशाला सांगू.

म्हणून लग्नाच्या वेळी मी आईला एकच अट घातली. मुलगा काळा चालेल, बुटका चालेल, टकलाला माझी हरकत नाही. पिणारा नको. आईने शोध शोध शोधून नाशिकचा एक मुलगा आणला. इंजिनियर, बहरीनला नोकरी, इमारतींच्या एसीचे डक्ट कुठून न्यायचे ते कागदावर काढायचं काम. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, असं मध्यस्थ म्हणाले आणि ते खरं निघालं.

त्याचा दुसरा गुण मला लग्नानंतर कळला. तो काहीही वाया घालवत नसे. त्याच्या आईने डबे करून पोरं वाढवली होती. त्या घरात ताटात टाकलेली भाजी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ताटात पुन्हा पुढ्यात यायची. भात करपला तरी खायचा, आमटी खारट झाली तरी प्यायची. टूथपेस्टची नळी तो लाटण्याने लाटून रिकामी करायचा. मला या गुणाचं कौतुक होतं. वडिलांनी सगळं उधळलेलं बघितल्यावर असला नवरा मिळणं म्हणजे देव पावला असंच वाटायचं.

आम्ही मनामाच्या नईम भागात राहायचो. जुनी इमारत, दोन खोल्या, खिडकीत खडखडणारा एसी. शेजारच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडची एक भाभी होती. तिचा नवरा एका व्यापाऱ्याकडे कारकून. ती मला गावाकडून आलेलं कोकमाचं आगळ द्यायची, मी तिला मेतकूट द्यायची. आमची मुलगी इंग्रजी शाळेत होती, मी मराठीत रागवायची आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. सगळं सुरळीत होतं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती.

आणि मग नवऱ्याच्या चीफसाहेबांनी गटारीचं आमंत्रण दिलं.

चीफसाहेब मूळचे मुंबईचे, बहरीनमध्ये इतके मुरलेले की त्यांच्या एका वाक्यात चार भाषा असायच्या. त्यांचा बुदैयाला व्हिला होता. श्रावणात ते अंडंही घरात आणायचे नाहीत, म्हणून श्रावणाआधी सगळी कसर भरून काढायचे. अमावास्या कुठल्याही वारी येवो, आमची गटारी तिच्या आधीच्या शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारची. देशात त्या अमावास्येला बायका दिवे घासतात, दिव्यांची पूजा करतात. पुरुषांनी तिचं काय करून ठेवलंय ते नावावरूनच कळतं.

"येताना प्रत्येकाने एकेक बाटली आणायची," चीफसाहेबांनी ऑफिसात फर्मान काढलं. "यल्ला! नो एक्स्क्यूज!"

माझा नवरा दारूचा परवाना असलेल्या दुकानात आयुष्यात पहिल्यांदा शिरला. न पिणारा माणूस दारू कशी घेणार? त्याने ती भाजी घ्यावी तशी घेतली. सगळ्यांत खालच्या फळीवर एक ब्राझीलची दारू होती. लेबलवर हिरव्यागार उसाचं चित्र, आणि तीन बाटल्यांवर चौथी फुकट. तो चारही घेऊन आला आणि माझ्यासमोर ओट्यावर मांडून म्हणाला, "अगं, उसाची आहे. म्हणजे नैसर्गिकच की."

"उसाचीच आहे ती," मी म्हणाले. "माझ्या बापाचीही उसाचीच होती."

तो ओशाळला. "मी थोडीच पिणार आहे? तिथे द्यायची आणि मोकळं व्हायचं."

मोकळं व्हायचं! फुकट ते पौष्टिक म्हणून घरात आणलेली गोष्ट माणसाला अशी सहज मोकळं करत नाही, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

बुदैयाला त्या शुक्रवारी तीन कुटुंबं होतो. चीफसाहेब आणि त्यांची बायको, पुण्याचे एक बँकवाले आणि त्यांची बायको, आणि आम्ही. मटण चीफसाहेबांच्या बायकोने केलं होतं, सोलकढी माझ्याकडे होती, म्हणून मी भाभीने दिलेली आगळाची बाटली बरोबर नेली होती. दुपारचे जेवायच्या आधीचे दोन तास पुरुषांचे. चीफसाहेबांनी नवऱ्याच्या बाटल्या बघितल्या आणि हसून हसून त्यांचं पोट हललं. "ब्राझील! वा! तुम्ही तर एकदम इंटरनॅशनल निघालात!" त्यांनी नाव वाचायचा प्रयत्न केला, तीनदा तीन वेगळे उच्चार केले आणि सोडून दिलं. मग बूच काढलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. वास तिथपर्यंत आला. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळामागे चिपाडांचा ढीग पडलेला असतो, दोन-तीन दिवस उन्हात आंबलेला, माश्या बसलेला. तो वास, आणि त्यात रंगाच्या दुकानातलं थिनर ओतलेलं. माझ्या मुलीने नाक दाबलं. "आई, इट स्मेल्स लाइक नेलपॉलिश रिमूव्हर." मी तिला आतल्या खोलीत कार्टून बघायला पाठवलं.

चीफसाहेबांनी पहिला घोट नुसता घेतला. त्यांचा चेहरा असा आवळला गेला की चष्मा नाकावरून खाली आला. "शी! हे काय रॉकेल आहे?" पण हार मानतील तर ते चीफसाहेब कसले. मग सुरू झालं मिसळणं. आधी कोला घातला. कोलाने ती जास्तच औषधी झाली, खोकल्याचं औषध कुणी सायकलच्या दुकानात बनवावं तशी. मग डब्यातला आंब्याचा रस घातला. रस फाटला आणि वर तवंग आला. मग बँकवाल्यांना सुचलं की ही उसाची आहे, तर उसाच्या रसात आपण जे घालतो तेच हिच्यात घालायला हवं. आलं, लिंबू, काळं मीठ! सगळ्यांना हे फार शास्त्रीय वाटलं. आलं किसलं, काळं मीठ घातलं, आणि जे तयार झालं त्याला सडक्या अंड्याचा वास यायला लागला. बँकवाले घोट घेऊन बेसिनकडे धावले.

मी दारात उभी राहून बघत होते आणि, खोटं का बोलू, मला आनंद होत होता. जितकी घाण लागेल तितकं बरं. किळस ही चांगली गोष्ट आहे, देवाने माणसाच्या तोंडात बसवलेला राखणदार आहे तो, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

एवढ्यात चीफसाहेबांच्या बायकोने माझी आगळाची बाटली उचलली. "हे कोकम सरबत आहे ना? हे घालून बघा. रंग किती सुंदर!"

ते सरबत नव्हतं. आगळात साखरेचा कण नसतो. कोकमं मिठात मुरवून काढलेला तो अर्क, चमचाभर घातला तरी वाडगाभर कढी खारट होते. मला हे माहीत होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी प्रत्येक ग्लासात बोटभर ओतलं. ग्लास लालबुंद, मोठे देखणे दिसायला लागले.

"तुम्हीही घ्या," चीफसाहेब माझ्या नवऱ्याला म्हणाले. "तुमचीच बाटली आहे. आम्हाला विष पाजता आणि स्वतः नुसते बघता?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. पण तीन माणसांत स्वतःच आणलेल्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणजे फारच वाईट दिसलं असतं. त्याने ग्लास घेतला.

पहिल्या घोटाला चीफसाहेबांनी जे तोंडात होतं ते बागेत थुंकलं. बँकवाल्यांनी ग्लास केळीच्या आळ्यात रिकामा केला. "खलास!" चीफसाहेब ओरडले. "मफी! बंद करा हा प्रयोग! माझी व्हिस्की काढा." आणि त्यांनी वळून बघितलं तर माझा नवरा अजून पीत होता. डोळ्यांत पाणी, मानेच्या शिरा फुगलेल्या, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, पण घोट घोट करून तो खारट, आंबट, जळजळीत प्रकार पोटात ढकलत होता. ग्लासात टाकायचं नाही. आईने शिकवलं होतं. तळाशी राहिलेले थेंबही त्याने ग्लास उलटा करून घेतले.

"शाबास!" चीफसाहेब म्हणाले. "हा खरा मर्द!"

जेवणं झाली. परत येताना गाडी बँकवाल्यांची बायको चालवत होती. बुदैयाच्या रस्त्यावर खजुरांच्या एका शेताशी तिला गाडी थांबवायला लागली. माझा नवरा उतरला आणि कुंपणाला धरून ओकला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, सुंठीवाचून खोकला गेला. आता हा माणूस जन्मात बाटलीकडे बघणार नाही.

पण डिकीत बाटल्या होत्या. चीफसाहेबांनी निघताना स्वतः आणून ठेवल्या होत्या, तीन भरलेल्या आणि एक अर्धी. "श्रावणात घरात बाटली नको," ते म्हणाले होते. "आणि श्रावणानंतर ही तर नकोच नको."

घरी आल्यावर मी अर्धी बाटली घेऊन सरळ बेसिनशी गेले. दोन घोटांएवढी ओतली असेल, तोच नवरा मागे आला. तो रागावला नाही. रागावला असता तर मी भांडले असते. तो कळवळला. चांगलं अन्न कचऱ्यात जाताना बघून त्याचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला. "अगं, काय करतेस? वापरता येईल कशाला तरी. विकत घेतलीय."

"कशाला वापरू? आमटीत घालू?"

"एवढं स्पिरिट आहे. काच पुसायला. डाग काढायला."

मग मी ती वापरायला निघाले. खिडक्यांच्या काचा पुसल्या. फ्रिजच्या दाराचं रबर पुसलं. मुलीच्या गणवेशावरचा बॉलपेनचा डाग काढला, आणि गणवेशाला तो वास लागला म्हणून तो दोनदा धुतला. घरात असा दर्प कोंडला की भाभीने दार ठोठावलं. "काय गो, ह्यो कसला वास येतोय?"

"फिनेल बदललंय," मी म्हणाले.

"माणसं मरतील गो ह्या फिनेलनं," ती म्हणाली आणि नाकाला ओढणी लावून परत गेली. ती पाच वेळची नमाजी बाई. तिला खरं सांगायची मला लाज वाटली. इमारतीच्या सफाईवाल्याला बाटल्या देऊन टाकाव्या असंही मनात आलं. पण त्याची बायको तिकडे गावी, आणि मी ज्या बाईला ओळखत नाही तिच्या घरात ही घाण पाठवायची? माझ्या आईकडे कुणी अशीच पाठवत असणार. ते मी केलं नाही.

काचा पुसून किती पुसणार? अर्धी संपली, तीन तशाच. श्रावण लागला. चीफसाहेब सोमवार करायला लागले, बँकवाल्यांनी दाढी करणं सोडलं. सगळे पिणारे महिनाभर गंगेत न्हालेले. माझ्या नवऱ्याला मात्र श्रावणात सोडायला काही नव्हतं, कारण त्याने कधी काही धरलंच नव्हतं. म्हणजे सगळ्या ओळखीच्या मराठी मंडळींत त्या महिन्यात प्यायला मोकळा असा तो एकटाच उरला.

"रोज थोडी थोडी घेऊन संपवून टाकतो," तो एका संध्याकाळी म्हणाला. "औषधासारखी. पुन्हा आणायची नाही."

मी भडकले. वडिलांचं सगळं त्याला ठाऊक होतं, तरी पुन्हा सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मला विचारलं, "मला ती आवडेल असं वाटतं तुला? त्या दिवशी माझी काय दशा झाली ते तू बघितलंस ना?"

बघितली होती. त्यावरच तर माझी सगळी भिस्त होती.

मुलीच्या खोकल्याच्या औषधाचं एक मापाचं झाकण असतं, प्लास्टिकचं. ऑफिसातून आला की ते भरून, नाक चिमटीत धरून, ओट्याशी उभं राहून तो एका दमात प्यायचा. मग अंग शहारायचं, जीभ बाहेर यायची, गुळाचा खडा तोंडात टाकायचा. मुलगी हसायची. मीही हसायची. खरंच हसायची. घरात बाटली असून तिचा एवढा तिरस्कार करणारा पुरुष मी जन्मात बघितला नव्हता. माझ्या वडिलांचं तोंड पिताना कधीच वाकडं व्हायचं नाही. म्हणून मी रोज नवऱ्याचं तोंड बघायची. जोवर ते वाकडं होतंय तोवर माझं घर सुरक्षित आहे, असा माझा हिशेब होता.

काही दिवसांनी झाकण गेलं आणि स्टीलची वाटी आली. "झाकणाने किती दिवस लागतील?" तो म्हणाला. त्यात तथ्य होतं. पुढे नाक धरायचं थांबलं. मग गूळ थांबला. एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, तो वाटी घेऊन शेजारी उभा होता आणि ऑफिसातलं काहीतरी सांगत होता. सांगता सांगता त्याने घोट घेतला आणि वाक्य पुरं केलं. चेहऱ्यावर काही नाही. भुवईसुद्धा हलली नाही.

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. किळस जाते. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं वडिलांना ती नव्हतीच. तेव्हा कळलं की त्यांनाही पहिल्या दिवशी शहारा आलाच असेल, आणि तेही कधीतरी असेच बोलता बोलता वाक्य पुरं करून गेले असतील. माझ्या आईने ते बघितलं होतं की नाही कोण जाणे.

अजून दीड बाटली उरली होती. मी त्या रात्री एकच विचार केला. किळस पूर्ण जायच्या आत बाटल्या संपल्या पाहिजेत. बाटली संपली की विषय संपला. तो स्वतःच म्हणाला होता, पुन्हा आणायची नाही. आणि नवरा दिलेल्या शब्दाचा पक्का. तेव्हा आता रोज वाटी वाटी नको, भराभर संपवू.

आणि उरलेलं भराभर कसं संपवायचं हे मला कुणी शिकवायला नको. ते तर आम्ही बायका रोज करतो. रात्रीचा भात नुसता वाढला तर नाकं मुरडतात; मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली की भांडं घासायलाही शिल्लक ठेवत नाहीत. शिळ्या पोळीला कुणी विचारत नाही, गूळतूप घालून लाडू वळला की मुलं डब्यातून चोरून खातात. मी तेच केलं. खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे तिथल्या वाण्याकडून, लिंबं आणली. चार फोडी सालासकट खलबत्त्यात घातल्या, वर साखर, आणि बत्त्याने हलके हलके चेचल्या, सालातलं तेल सुटेल इतक्याच. बर्फ फडक्यात बांधून फोडला. मीठ अगदी कणभर. कुठे शिकले नव्हते. पुढे कितीतरी वर्षांनी कुणाकडून तरी ऐकलं की ब्राझीलची माणसंही ती साधारण अशीच पितात. एवढ्या लांबच्या बायकांनाही उरलंसुरलं संपवायचंच असणार.

मग सगळं काचेच्या जगात काढून त्यावर ती ओतली. वास आला आणि मी तोंड फिरवलं. पण चव बघितल्याशिवाय मी काही वाढत नाही. आमटी असो, खीर असो, तळहातावर दोन थेंब घेऊन बघायची सवय. हात आपोआप पुढे आला, चमच्याने तळव्यावर थेंब पडले, जीभ लागली.

चांगलं लागलं.

कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच, असं म्हणतात. चूक आहे ते. लिंबाचा झणका, मग गोड, मग बर्फाचा गारवा, आणि त्या सगळ्याखालून उसाचा एक हिरवा, ताजा वास, कारखान्याचा नव्हे, शेतातला. त्या क्षणी मला दारूची नव्हे, माझ्या जिभेची किळस आली. मी ती पदराने खसाखसा पुसली, चूळ भरली, तरी चव जाईना. वडिलांच्या पेल्यातलं काहीतरी माझ्या तोंडाला आवडलं होतं. मी मोरीत जाऊन बोटं घालून ओकले. पण करून ठेवलेला तो जग मात्र मी ओतला नाही. तो ओतला असता तर बाटली संपली कशी असती?

नवऱ्याने पहिला घोट घेतला आणि थांबला. "हे तेच आहे?"

"तेच. लवकर संपवा एकदाचं."

संपवलं त्याने. त्या संध्याकाळी, पुढच्या, त्याच्या पुढच्या. मी चेचत होते, तो संपवत होता. सणासुदीच्या दिवशी मी खलबत्त्यात वेलची कुटायची आणि संध्याकाळी त्याच खलबत्त्यात लिंबं. राखी झाली, गोकुळाष्टमी झाली. भाभी एकदा आली आणि म्हणाली, "आज बरा वास येतोय गो, लिंबाचा." मला तिच्याकडे बघवेना.

श्रावण सरायच्या आधी शेवटची बाटली रिकामी झाली. मी ती धुतली नाही, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि खाली कचऱ्याच्या पेटीत इतक्या जोरात टाकली की आतून आवाज आला. मग घर पुसून काढलं, खऱ्या फिनेलने. खिडक्या उघडून बाहेरची उकडलेली हवा आत घेतली. खलबत्ता चिंच लावून घासला. संध्याकाळी नवरा आला, ओट्याशी उभा राहिला, हात धुतले, पाणी प्यायला आणि जेवायला बसला. बाटलीचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गणपती आले, मंडळाच्या आरतीला आम्ही तिघं गेलो, मी मोदक केले. मला वाटलं, जिंकले मी. आईला फोनवर सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? म्हणून नुसतं "बरं चाललंय" म्हणाले.

गणपती गेल्यावर चीफसाहेबांनी पुन्हा शुक्रवारचं बोलावणं केलं. मुलीची परीक्षा होती म्हणून मी गेले नाही. "जाऊन या," मी म्हणाले. मला धास्ती नव्हती. तिथे व्हिस्की असणार, महागाची, आणि व्हिस्कीला हा हात लावणार नाही. लावलाच तर तोंड वाकडं करून परत येईल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ऊन उतरायच्या वेळेला तो परत आला. तोंड खरंच वाकडं होतं. मला बघून बरं वाटलं.

"काय झालं? जेवण बरं नव्हतं?"

"जेवण चांगलं होतं. त्यांच्या त्या व्हिस्कीला काही चव नाही. एवढी महागाची, पण नुसती लाकडासारखी." त्याने चपला काढल्या आणि हातातली कागदी पिशवी ओट्यावर ठेवली. आत काच वाजली. मुलगी अभ्यासावरून उठून बघायला आली.

मी पिशवीला हात लावला नाही. लेबलवरचा हिरवा ऊस वरूनच दिसत होता.

"तुम्ही म्हणाला होता, पुन्हा आणायची नाही."

"म्हणालो होतो गं," तो म्हणाला. माझ्या आमटीला, माझ्या पुरणपोळीला जसं मनापासून म्हणायचा, अगदी तसंच, कौतुकाने माझ्याकडे बघत तो म्हणाला, "पण तुझ्या हातचं पिऊन सवय लागली. आता दुसऱ्या कुणाच्या हातचं घशाखाली उतरत नाही."